मूळव्याध पुन्हा उलटली, तर खर्च किती?

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरून गंगापूर रोडकडे निघालात की ‘सकाळी लेझर, संध्याकाळी घरी’ अशा धाटणीचे फलक दिसू लागतात. मूळव्याध, फिशर, भगंदर अशी सगळी नावं त्यावर असतात, फक्त दर नसतो. विचारायलाही कोणी जात नाही, कारण दुखणं अवघड जागेचं. मिक्सर घ्यायचा तर तीन दुकानं फिरणारा माणूस इथे मात्र पहिल्याच दवाखान्यात सांगतील तो आकडा मान्य करून मोकळा होतो. आणि दोन वर्षांनी मूळव्याध पुन्हा उलटली की तोच आकडा, थोडा वाढलेला, पुन्हा भरतो.

वारंवार होणाऱ्या मूळव्याधीत सगळ्यात जास्त पैसा ऑपरेशनात जातो, असा समज आहे. माझं निरीक्षण वेगळं आहे. पैसा जातो तो उपचारांची पायरी चुकल्यामुळे. ज्याला इसबगोल आणि दोन रबर बँड पुरले असते तो लेझर करून येतो, आणि ज्याला खरोखर ऑपरेशन हवं होतं तो वर्षानुवर्षं मलमाच्या नळ्या विकत घेत राहतो. म्हणून या लेखात दर आहेत तसा त्यांचा क्रमही आहे. आकडे नाशिकच्या खासगी दवाखान्यांना लागू पडतील असे ढोबळ पल्ले आहेत. घासाघीस करायला ते उपयोगी नाहीत. तुमच्या हातात पडलेलं अंदाजपत्रक कुठे बसतं, हे त्यावरून कळावं.

पहिले हजार रुपये निदानाला

शौचाच्या जागी काहीही झालं की आपण त्याला मूळव्याधच म्हणतो. पण शौचाला बसताना काच चिरल्यासारखी कळ येऊन पुढे तासभर आग होत असेल, तर बहुधा ती चीर असते, म्हणजे फिशर. बाजूला पुळी येऊन पू वाहतो, बरी होते आणि पुन्हा फुटते, ते भगंदर. आतल्या मूळव्याधीचं लक्षण साधारण उलट असतं : दुखत नाही, पण लाल ताजं रक्त टपटप पडतं किंवा कोंब बाहेर येतो. तिन्हींचे उपचार वेगळे, खर्च वेगळे. ‘माझी मूळव्याध कशानेच बरी होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना मुळात मूळव्याध नसते. त्यांची चीर जुनी झालेली असते.

हे कळायला एमआरआय लागत नाही. जनरल सर्जन डाव्या कुशीवर झोपवतो, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतो, आधी बोटाने आणि मग प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीने तपासतो. दोन-तीन मिनिटांचं काम, अवघडल्यासारखं होतं, पण मूळव्याध असेल तर फारसं दुखत नाही. जुनी चीर असेल तर मात्र ही तपासणी दुखते, आणि ते पाहून चांगला डॉक्टर तिथेच थांबतो. तपासणी फी साधारण ५०० ते १,००० रुपये, प्रॉक्टोस्कोपीचे वेगळे ५०० ते १,५०० रुपये. न तपासता, नुसतं ऐकून कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर तिथून उठावं.

तपासणीनंतर एक प्रश्न विचारायचा : कितवी ग्रेड? पहिल्या ग्रेडमध्ये कोंब आतच असतो आणि रक्त पडतं. दुसरीत तो कुंथल्यावर बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने आत ढकलावा लागतो, चौथीत ढकलूनही जात नाही. पुढचा सगळा खर्च या एका आकड्यावर ठरतो, म्हणून तो केसपेपरवर लिहून घ्या.

आणखी एक खर्च काहींनी टाळू नये. वय पंचेचाळीसच्या पुढे, वजन कमी होतंय, शौचाची सवय महिन्या-दोन महिन्यांत बदलली आहे, रक्त काळपट आहे किंवा घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला आहे, यातलं काहीही असेल तर कोलोनोस्कोपी करून घ्यावी. खासगीत साधारण ६,००० ते १२,००० रुपये लागतात. ‘जुनीच मूळव्याध आहे’ या समजुतीवर अंगावर काढलेलं रक्त कधीकधी कर्करोगाचं निघतं, आणि तेव्हा ही रक्कम फार छोटी वाटते. हिमोग्लोबिन मात्र सर्वांनीच पाहावं. शंभर-दोनशे रुपयांची तपासणी आहे. बायकांमध्ये तर ते आठपर्यंत उतरलं तरी दोष पाळीला दिला जातो आणि मूळव्याधीचं नावही निघत नाही.

घरचा खर्च : महिन्याला तीनशे

तंतुमय पदार्थांनी मूळव्याधीचं रक्त पडणं जवळपास निम्म्याने कमी होतं, असा निष्कर्ष सात चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यात निघाला होता. औषधाच्या दुकानातल्या महागड्या मलमांमागे एवढा पुरावा नाही. दिवसाला तीसेक ग्रॅम तंतू पोटात जावेत असं धरलं, तर ज्वारी-बाजरीची भाकरी, एक उसळ, पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात बराचसा पल्ला गाठता येतो. उरलेलं इसबगोल. रात्री एक ते दोन चमचे, मोठ्या पेल्याभर पाण्यात, आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी घेतलं तर तेच इसबगोल आत घट्ट होऊन बसतं, आणि मग लोक म्हणतात ‘मला नाही मानवत’. ब्रँडेड इसबगोलाच्या १०० ग्रॅमला दीडशेच्या आसपास पडतात, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आत काम होतं. जनऔषधी केंद्रात चौकशी करा, तिथे आणखी स्वस्त पडतं. इतर गोळ्या घेत असाल तर इसबगोल आणि त्या गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा.

कोमट पाण्यात बसण्याचा टब दीडशे ते चारशे रुपयांना मिळतो. शेकायला दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, साधं पाणी. त्यात डेटॉल नको. पोटॅशियम परमँगनेटचे खडे तर अंदाजाने टाकूच नका, जास्त झाले की कातडी भाजते. डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या रक्त पडण्याच्या काळात डॉक्टर देतात. त्यांचा उपयोग आहे, पण त्या कायमच्या नाहीत. स्टेरॉइड असलेलं मलम आठवड्याभरापेक्षा जास्त लावू नये. मेडिकलवाला दर महिन्याला तीच नळी देत असेल, तर ती नळी उपचार राहिलेली नाही.

मिसळीचं काय, हा नाशिककरांचा खरा प्रश्न. इथे थोडी गंमत आहे. इटलीत २००६ साली दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या रुग्णांना तिखटाची कॅप्सूल देऊन पाहिली, लक्षणांत फरक पडला नाही. उलट नागपूरचे शल्यविशारद डॉ. प्रवीण गुप्ता यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फिशरचं ऑपरेशन झालेल्यांना लाल तिखटाने त्रास वाढल्याचं दिसलं. म्हणजे मूळव्याध असेल तर रविवारच्या मिसळीतली तर्री हा मुख्य आरोपी नाही. तिच्यासोबतचे चार पाव, दिवसभर न प्यायलेलं पाणी आणि संडासात मोबाइल घेऊन काढलेली वीस मिनिटं हे आरोपी आहेत. बोस्टनच्या एका रुग्णालयातला २०२५ चा अभ्यास आहे : संडासात फोन वापरणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त आढळली. फोन बाहेर ठेवायला काहीच खर्च येत नाही, म्हणून कदाचित त्यावर कोणी फलक लावत नाही.

हे सगळं सलग सहा आठवडे करून पाहायचं. पहिल्या-दुसऱ्या ग्रेडच्या अनेकांचा खर्च इथेच थांबतो. गरोदरपणात झालेली मूळव्याध तर बहुतेकदा बाळंतपणानंतर ओसरते, तिच्यासाठी घाईने काही करायला नको. अपवाद एकच : बाहेरच्या बाजूला अचानक निळसर, टणक, अतिशय दुखरी गाठ आली, तर ती रक्ताची गुठळी असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत दवाखान्यात गेलात तर तेवढ्याच जागेला भूल देऊन ती काढता येते. तोवर वेळ गेली असेल तर शेक आणि वेदनाशामक गोळीवर ती हळूहळू जिरते.

मधली पायरी, जिच्यावर फलक नसतो

पहिल्या ते तिसऱ्या ग्रेडसाठी रबर बँड लावणं हा उपचार जगभर रुळलेला आहे. कोंबाच्या मुळाशी छोटं रबर बसवतात, रक्तपुरवठा तुटतो, आणि पाच ते दहा दिवसांत कोंब वाळून गळून पडतो. भूल लागत नाही, कारण बँड बसतो तिथे कळ जाणवणाऱ्या नसा नसतात. दोन दिवस जड-जड वाटतं. बँड गळताना थोडं रक्त जातं, ते आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस रात्री घाबरून धावत सुटतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. बँडनंतर ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं वाढत गेलं, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

एका वेळचा खर्च साधारण ३,००० ते १०,००० रुपये, आणि बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा जावं लागतं. हाच तो मुद्दा, जिथे लोक फसतात. दुसऱ्यांदा बोलावलं की ‘पहिलं फेल गेलं’ असं वाटतं आणि लोक मोठ्या ऑपरेशनकडे वळतात. ब्रिटनमध्ये ३७२ रुग्णांवर झालेली हबल नावाची चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. एकदाच बँड लावलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला. डॉप्लरने रक्तवाहिनी बांधण्याच्या महागड्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं. पण गरजेप्रमाणे पुन्हा बँड लावला की बँडचा आकडा ३७.५ टक्क्यांवर आला, आणि दोन्हींतला फरक फारसा उरला नाही. खर्चात मात्र डॉप्लर खूपच पुढे होतं.

म्हणून दर विचारताना ‘एका बँडचे किती’ असं विचारू नका. ‘तीन वेळा यावं लागलं तर मिळून किती, आणि पुढच्या वेळी तपासणी फी वेगळी लागेल का,’ असं विचारा. तीन वेळचे मिळून पंचवीस हजार झाले तरी ते लेझरच्या साधारण निम्म्यात बसतात, आणि कामावरची रजा जवळजवळ शून्य. अंबडच्या कारखान्यात पाळी भरणाऱ्याला किंवा पंचवटीच्या मार्केट यार्डात पहाटे चारला उभं राहणाऱ्याला ही रजाच जास्त महाग पडते.

ऑपरेशन आणि तो कागद

चौथी ग्रेड, बँड लावूनही परत परत बाहेर येणारी तिसरी ग्रेड, किंवा हिमोग्लोबिन घसरवणारा रक्तस्राव असेल तर ऑपरेशन. खासगीत कोंब कापून काढण्याचं नेहमीचं ऑपरेशन साधारण ३०,००० ते ६०,००० रुपयांत होतं, लेझर ४५,००० ते एक लाख, आणि स्टेपलर ६०,००० पासून लाखाच्या वर. स्टेपलर महाग, कारण ती गन एकदाच वापरायची असते आणि तिची किंमत सरळ तुमच्या बिलात येते.

महाग ते टिकाऊ, हा हिशेब इथे चालत नाही. ७७७ रुग्णांवरची ईथॉस ही ब्रिटिश चाचणीही २०१६ मधलीच. पहिले काही आठवडे स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं. पण दोन वर्षांनी पाहिलं तर जुन्या पद्धतीने कापून काढलेल्यांची तब्येत बरी होती, मूळव्याध उलटण्याचं प्रमाण कमी होतं आणि खर्चही कमी होता. लेझरने दुखणं कमी होतं हे खरं आहे. पण मोठ्या, बाहेर लोंबणाऱ्या चौथ्या ग्रेडच्या कोंबांसाठी तो योग्य पर्याय नाही, आणि ‘लेझर म्हणजे पुन्हा होणारच नाही’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या ऑपरेशनची खरी किंमत वेदनेत आहे. पहिला आठवडा वाईट जातो, जखम भरायला चार ते सहा आठवडे लागतात, दोन-तीन आठवड्यांची रजा धरावी. रोजंदारीवर असाल तर ती मजुरी ऑपरेशनच्या खर्चात आधीच मिळवा.

आता कागद. ‘लेझर पॅकेज ५५,०००’ असं एका ओळीचं अंदाजपत्रक मिळतं आणि सुट्टीच्या वेळी बिल पंच्याहत्तर हजारांवर जातं, तेव्हा मधले वीस हजार बहुधा याच चार-पाच जागी असतात : भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशनपूर्व रक्ततपासण्या, ईसीजी आणि फिजिशियनचा फिटनेस, औषधं व इंजेक्शनं, काढलेल्या भागाची बायोप्सी, आणि ड्रेसिंगच्या पुढच्या खेपा. शिवाय अतिदक्षता विभागाबाहेरच्या ज्या खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे, तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. म्हणून पॅकेज शब्दापुढे काय आत आणि काय बाहेर, हे त्याच कागदावर पेनाने लिहून घ्या. लेझर असेल तर फायबर नवं आहे का, तेही विचारा. आणखी एक : महिन्याभरात रक्तस्राव झाला आणि पुन्हा टाके घालावे लागले तर ते पैसे कोणाचे?

विचारायला संकोच नको. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार खासगी रुग्णालयाने खाट, डॉक्टरांची भेट, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग अशा बाबींचे दर आणि रुग्णहक्क सनद दर्शनी जागी लावायची असते. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही.

फोनवर ‘मोफत सल्ला’ देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचा वेगळा अध्याय होईल. इथे एवढंच : ऑपरेशन कोण करणार, त्या सर्जनचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी मागा, आणि त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. ‘एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध गायब’ म्हणणाऱ्या, पदवीचा पत्ता नसलेल्या दवाखान्यांत तर पायच ठेवू नका. तिथे टोचलेल्या जहाल द्रावणाने जागा सडल्याचे आणि नंतर शौचाचा मार्गच आवळल्याचे रुग्ण सर्जनांकडे येत असतात. पाचशे रुपयांचं ते इंजेक्शन या यादीतलं सर्वांत महाग.

कमी पैशांत कुठे

त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात सर्जरीची ओपीडी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रांग असते, तारीख उशिरा मिळते, हे धरून चला. चौथी ग्रेड महिनाभर थांबू शकते, फक्त हिमोग्लोबिन ठीक हवं. नाशिक रोडकडच्यांना महापालिकेचं बिटको रुग्णालय जवळ पडेल. आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यात धामणगावचं एसएमबीटी ही शिक्षण देणारी रुग्णालयं. तिथे दर खासगीपेक्षा कमी असतात आणि वरिष्ठ सर्जन तपासतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व शिधापत्रिकाधारक येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात. म्हणून भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन जा आणि ‘हेच ऑपरेशन, याच रुग्णालयात, योजनेत बसतं का’ असं नेमकं विचारा. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. सातपूर-अंबडमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असतात. पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते आणि तरी अनेक जण खासगीत पैसे भरतात.

आयुर्वेदाचा रस्ताही नाशिकमध्ये जुना आहे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचं महाविद्यालय आणि आरोग्यशाळा रुग्णालय आहे. सुश्रुताने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. क्षारसूत्राची, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याच्या उपचाराची, सर्वांत भक्कम चाचणी भगंदरावर झाली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली : पुन्हा होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११. भरायला मात्र दुप्पट वेळ लागला. भगंदर असेल तर हा पर्याय जरूर विचारात घ्या. तो पुरावा जसाच्या तसा मूळव्याधीला मात्र लावू नका. करणारा वैद्य शल्यतंत्राचा एमएस असावा.

विमा असेल तर

बहुतेक आरोग्य विम्यांत मूळव्याध, फिशर आणि भगंदर ठरावीक आजारांच्या यादीत असतात. पॉलिसी घेतल्यावर साधारण दोन वर्षं त्यांचा दावा मिळत नाही. नियमाने ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. आधीपासूनचा आजार लपवून पॉलिसी घेतली तर जुना केसपेपर कधीतरी समोर येतोच. कंपनीच्या गटविम्यात अनेकदा ही प्रतीक्षा नसते, एचआरला विचारा. डे केअरमध्ये चोवीस तास भरती लागत नाही, पण ओपीडीत लावलेला रबर बँड बहुतेक पॉलिसी देत नाहीत. या एका कारणासाठी रुग्णाला गरज नसताना ऑपरेशनकडे ढकललं जातं, आणि विमा आहे म्हणून रुग्णही हो म्हणतो.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर निदान, ग्रेड, किती कोंबांवर काय केलं आणि कोणत्या पद्धतीने, हे नावानिशी लिहिलेलं आहे का ते पाहा. नुसतं ‘पाइल्स सर्जरी’ असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. बायोप्सीचा अहवाल आठवड्याभराने येतो. तो स्वतः जाऊन आणा आणि त्याच फायलीत लावा.